नाव कमी करण्यापूर्वी

एकोणिसाव्या शतकातलं एखादं मराठी पुस्तक कधी हाती आलं, तर मजकुरात शिरण्याआधी त्याची पहिली आणि शेवटची पानं जरूर बघा. पुष्कळ पुस्तकांत तिथे आश्रयदात्यांची यादी सापडते. नाव, गाव, हुद्दा, आणि त्या गृहस्थाने किती प्रती घेतल्या तो आकडा. कोणी मामलेदार, कोणी शाळेतले पंतोजी, कोणी सावकार, मधूनच एखादे संस्थानिक. पुस्तक छापून होण्याआधीच या मंडळींनी ते घ्यायचं कबूल केलेलं असे, आणि त्या भरवशावर लेखक कागद आणि छपाईचा खर्च अंगावर घेई. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी यादी म्हणजे मेजवानीच. त्या काळी कोणत्या गावात कोण वाचत होतं, हे तिथे एका नजरेत कळतं.

पण या यादीची एक बाजू कुठेच छापलेली नसते. यादीत नावं आली कशी, हे कौतुकाने सांगितलं जातं. नावं गेली कशी, हे कोणी सांगत नाही. कोणी वारलं, कोणाची बदली झाली, कोणी पैसे दिलेच नाहीत, कोणाला पुढचा भाग नकोसा झाला. प्रत्येक यादीमागे अशी एक न छापलेली दुसरी यादी असते. आजचा लेख त्या दुसऱ्या यादीबद्दल आहे.

हा विषय डोक्यात यायचं कारण साधं आहे. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी दर महिन्याला ईमेलने एक वार्तापत्र निघतं. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो, अशी सार्वत्रिक समजूत असल्यामुळे त्याच्या वर्गणीदारांची यादी माझ्याकडे आली आहे. (वर्गणी अर्थातच नाही, पण शब्द जुनाच बरा वाटतो.) यादी वाढत वाढत बरीच मोठी झाली, तेव्हा तरुण मंडळींनी सुचवलं, "सर, सहा महिन्यांत ज्यांनी एकही मेल उघडली नाही त्यांना सरळ उडवून टाका." सूचना चांगल्या मनाने केलेली होती. तरी 'उडवून टाका' हा शब्द कानाला खटकला. मग मी, सवयीप्रमाणे, जुन्या लोकांनी हे काम कसं केलं ते बघायला बसलो.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १६१७ मध्ये जॉन मिनशू नावाच्या गृहस्थाने अकरा भाषांचा एक भलाथोरला कोश लंडनमध्ये प्रसिद्ध केला. वर्गणीदारांच्या बळावर निघालेलं आणि त्यांची नावं छापलेलं इंग्लंडमधलं हे पहिलं पुस्तक मानतात. गंमत म्हणजे, प्रती खपत गेल्या तशी त्याने ही यादी वाढवून पुन्हा पुन्हा छापली. शंभर वर्षांनी, १७१५ ते १७२० या काळात, अलेक्झांडर पोपने होमरच्या 'इलियड'चं इंग्रजी भाषांतर सहा खंडांत काढलं. एका खंडाला एक गिनी असा दर होता आणि ५७५ वर्गणीदार होते. त्या यादीत सरदार-दरकदारांची एवढी गर्दी होती की यादीत नाव असणं हीच एक प्रतिष्ठा झाली. लेखणीवर पोट भरून कोणा सरदाराच्या दारात उभं राहावं लागू नये, हे पोपला जमलं ते या यादीमुळे.

आणि मग डॉ. सॅम्युअल जॉन्सन. त्याने १७५६ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांची नवी आवृत्ती काढण्याची जाहिरात करून वर्गण्या गोळा केल्या. पुस्तक निघालं १७६५ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. वर्गणीदारांची यादी का छापली नाही, असं पुढे कोणी विचारलं तेव्हा, बॉस्वेलने नोंदवल्याप्रमाणे, जॉन्सनने दोन कारणं सांगितली. एक, सगळी नावं माझ्याकडून हरवली. आणि दुसरं, सगळे पैसे मी खर्च करून टाकले! वाचून हसू येतं खरं. पण नऊ वर्षं वाट बघणाऱ्या त्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पैसे दिलेल्या माणसाचं नाव हरवणं म्हणजे त्याला दिलेला शब्दच हरवणं.

आता आपल्याकडे येऊ. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापणारं ते पत्र १८४० मध्ये बंद झालं. त्या काळात टपालाचा दर अंतरावर ठरत असे. मुंबईच्या माणसाने मुंबईत पत्र पाठवणं वेगळं आणि लांबच्या गावी पाठवणं वेगळं. १८५४ च्या टपाल कायद्याने हे बदललं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते हिंदुस्थानात कुठेही जावो. या एका सुधारणेने मराठी नियतकालिकांचं जग केवढं वाढलं असेल! आडगावच्या वाचकापर्यंत अंक पोचवणं आता आवाक्यात आलं. पण त्याबरोबर संपादकाच्या डोक्याला एक नवा भुंगाही लागला. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याच्या गावाला कधी गेलो नाही, त्या वर्गणीदाराला अंक अजून हवा आहे की नको, हे ओळखायचं कसं?

यावर आपल्याकडे उत्तर मिळालं ते व्ही. पी.चं. मूल्यदेय टपाल हिंदुस्थानात १८७७ मध्ये सुरू झालं. पोस्टमन अंक घेऊन दारात येणार, पैसे घेणार, अंक देणार आणि पैसे मनीऑर्डरने संपादकाकडे जाणार. माझ्या वयाच्या वाचकांना मासिकांतल्या त्या सूचना आठवत असतील. आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे, नको असल्यास तसे कळवावे, न कळवल्यास पुढील अंक व्ही. पी.ने पाठवू, आणि व्ही. पी. परत करून आमचे नुकसान करू नये. आमच्याकडे घरी अशी व्ही. पी. आली की आई डब्यातले पैसे मोजायची आणि वडील कामावरून येईपर्यंत पोस्टमनला थांबवता येईल का, याचा विचार करायची.

या रीतीत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. इथे गप्प बसणं म्हणजे होकार धरला जाई. वाचक बोलला नाही तर त्याला हवं आहे, असं समजायचं. पण हा होकार लगेच पारखूनही घेतला जाई, कारण पोस्टमन दारात उभा राहायचा. व्ही. पी. परत आली की जाण्याचा खर्च संपादकाच्या बोकांडी बसायचा आणि त्या नावापुढे खूण व्हायची. म्हणजे यादी स्वच्छ ठेवायला वेगळं कोणी लागत नव्हतं. खर्चच यादी स्वच्छ ठेवत होता.

अमेरिकेत याच सुमारास उलट प्रकार चालू होता. तिथे १८७९ च्या कायद्याने वृत्तपत्रांना आणि मासिकांना टपालाचा अगदी स्वस्त दर मिळाला. १८८५ पासून तो एका पौंडाला एक सेंट एवढा खाली आला. सवलतीला अट होती की पत्राकडे वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. पण खरी म्हणजे काय, हे बराच काळ मोघम राहिलं. गावोगावचे संपादक शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं उधारीवर पेपर पाठवत. कोणी पैशाऐवजी सरपण आणून टाकी, कोणी धान्य, कोणी काहीच नाही. नाव मात्र यादीत कायम. संपादकाला वाटे, आज ना उद्या देईल. शेतकऱ्याला वाटे, मी मागतोय कुठे, तोच पाठवतोय! दुसरीकडे काही चलाख मंडळी नुसत्या जाहिरातींची मासिकं काढून, कोणाच्याही नावावर ती स्वस्त दराने पाठवू लागली.

शेवटी १९०७ च्या डिसेंबरात तिथल्या टपाल खात्याने हुकूम काढला आणि १ जानेवारी १९०८ पासून तो लागू झाला. वर्गणी संपल्यावर दैनिकाच्या वाचकाने तीन महिन्यांत आणि साप्ताहिकाच्या वाचकाने एका वर्षात ती पुन्हा भरली नाही, तर तो खरा वर्गणीदार धरला जाणार नाही. त्याला स्वस्त दराने अंक पाठवता येणार नाही. संपादकांना हा सरकारी हस्तक्षेप वाटला, पण त्यांच्या हाती एक सोयीची सबबही आली. 'पैसे द्या' असं शेजाऱ्याला सांगणं अवघड असतं. 'सरकार म्हणतंय, मी नाही' हे सांगणं सोपं!

इथे गप्प बसण्याचा अर्थ पालटला, हे लक्षात घ्या. आपल्या व्ही. पी.च्या रीतीत मौन म्हणजे होकार. अमेरिकेच्या हुकुमात ठरावीक मुदतीनंतर मौन म्हणजे नकार. आणि हा नकार कोणी बोलून दाखवलेला नव्हता, कॅलेंडरने ठरवलेला होता. 'सहा महिन्यांत मेल उघडली नाही तर उडवा' हा सल्ला याच घराण्यातला.

मग यादीतली माणसं धातूच्या पट्ट्या झाली. १८९० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ डंकन याने पत्ते छापण्याचं ॲड्रेसोग्राफ नावाचं यंत्र काढलं. पुढे प्रत्येक वर्गणीदाराची एक छोटी पट्टी, तिच्यावर उठावाची अक्षरं, आणि शेकडो पट्ट्या यंत्रातून धडाधड जात. नाव कमी करायचं म्हणजे पट्टी उपसून बाजूला टाकायची. टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांनी पुढे यावर शास्त्रच उभं केलं. गिऱ्हाइकाने शेवटची खरेदी कधी केली, किती वेळा केली, किती पैशांची केली, या तीन प्रश्नांवर कोणाला कॅटलॉग पाठवायचा आणि कोणाला नाही ते ठरू लागलं. ही पद्धत हुशारीची होती, यात शंका नाही. पण तिच्या तीनही प्रश्नांत 'तुम्हाला हवं आहे का?' हा प्रश्न नव्हता.

इथे फुगवलेल्या यादीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर मी एकच बाजू मांडतोय असं वाटेल. नाव कमी न करणं हा नेहमीच दयाळूपणा नसतो, कित्येकदा त्यात लबाडी असते. जाहिरातीचा दर खपावर ठरू लागला तेव्हा वृत्तपत्रं खपाचे आकडे बेधडक फुगवू लागली. म्हणून १९१४ मध्ये अमेरिकेत आणि १९४८ मध्ये भारतात खप तपासणारी 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था निघाली. आणि शाळामास्तराला तर फुगवलेल्या यादीची गोष्ट शिकवायलाच नको! महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एका वेळी सगळ्या शाळांत अधिकारी गेले आणि डोकी मोजली. पटावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. मुलांच्या संख्येवर तुकड्या, तुकड्यांवर शिक्षक, शिक्षकांवर अनुदान आणि खिचडीचा शिधाही त्याच संख्येवर. खोटं नाव फुकट नसतं. त्याची किंमत खऱ्या मुलाच्या वाट्यातून जाते.

पण त्या पडताळणीवर शिक्षकांमध्ये जी चर्चा झाली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. वर्गात नसलेलं प्रत्येक मूल खोटं होतं का?

नोकरीतली माझी सुरुवातीची काही वर्षं बीड जिल्ह्यात गेली. तिकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला कारखान्यांच्या भागात जात आणि मुलं त्यांच्याबरोबर. हजेरीपटावर खाड्यांची रांग लागे. नियमावर बोट ठेवलं असतं तर कित्येक नावं पटावरून कमी करता आली असती. पण गावातला जुना शिक्षक आधी गृहभेट करी. घराला कुलूप असलं तर शेजारी विचारी. आणि मग त्याच्या लक्षात खाड्यांचे तीन प्रकार येत. एक मूल मामाच्या गावी कायमचं गेलं आणि तिथल्या शाळेत बसलं; त्याचा दाखला द्यायचा आणि नाव कमी करायचं. दुसरं मूल या जगातच राहिलं नाही. (हेही होई, आणि तेव्हा नावावर रेघ मारताना हात जड होई.) आणि तिसरं मूल ऊसतोडीला गेलेलं, पाडव्याच्या आगेमागे परत येणारं. पटावर तिघांच्याही नावापुढे दिसतं एकच, खाडा. फरक कळतो तो फक्त घरी जाऊन विचारलं तर.

आणि अजून एक गोष्ट. पटावरून नाव कमी होतं, पण शाळेच्या जनरल रजिस्टरातून कोणाचंही नाव कधी खोडलं जात नाही. तिथे शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहितात, एवढंच. मूल गेलं, पण ते होतं, आणि का गेलं, हे शाळा विसरत नाही. ही दोन वह्यांची रीत ज्याने कोणी घातली तो माणूस शहाणा होता.

आता पत्त्याकडे वळू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. ही सहा आकड्यांची व्यवस्था ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. आपल्या देशात एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात लिप्या अनेक आणि अक्षर वाईट! पिनकोडाने पत्राला त्याचं गाव अचूक सापडू लागलं. पण गाव सापडलं म्हणून माणूस सापडतो असं नाही. पत्ता बरोबर असणं ही एक गोष्ट, माणूस तिथे असणं ही दुसरी, आणि त्याला आपलं पत्र हवं असणं ही तिसरी. यादी साफ करताना होणारा सगळा घोटाळा या तीन गोष्टी एकच समजल्यामुळे होतो.

ईमेलने तर हा घोटाळा कितीतरी पटींनी वाढवला. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुअर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाची जाहिरात अर्पानेटवरच्या जवळपास ४०० जणांना एकदम पाठवली. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. पत्ते त्याने कुठून घेतले? छापील निर्देशिकेतून. एकाचाही होकार नव्हता. पत्ते इतके होते की ठरलेल्या जागेत मावले नाहीत आणि उरलेले मजकुरातच सांडले! बोलणी खूप खाल्ली, पण माल खपला. न मागितलेल्या जाहिरातीच्या ईमेलची वंशावळ त्या दिवसापासून सांगतात.

याच्या उलट एक चांगली परंपराही आहे. १९८६ मध्ये पॅरिसमधल्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने 'लिस्टसर्व' ही प्रणाली लिहिली. तोवर यादीत नाव घालायचं किंवा काढायचं तर कोणा माणसाला विनंती करावी लागे आणि त्याला सवड होईपर्यंत थांबावं लागे. आता वाचकाने एका ओळीचा आदेश पाठवला की नाव चढे, दुसरा पाठवला की उतरे. मला यात मोठी गोष्ट दिसते. वर्गणीदाराला प्रथमच आपलं नाव स्वतः खोडता येऊ लागलं, मध्यस्थाची गरज उरली नाही.

पत्ता चुकीचा असेल तर ईमेल परत येते, तेही आपल्या शाळेच्या खाड्यांसारखंच आहे. १९८२ मध्ये जॉन पोस्टेलने ईमेल पोचवण्याचे जे नियम लिहिले त्यांत तीन आकडी उत्तरं ठरवलेली आहेत. उत्तर पाचने सुरू झालं, जसं ५५०, तर हे काम होणार नाही, पुन्हा तसंच पाठवू नका. बहुतेक वेळा तशी पेटीच नसते. चारने सुरू झालं तर अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने बघा. म्हणजे एक दाखला घेऊन गेलेलं मूल, आणि एक तापाने घरी झोपलेलं. चांगली प्रणाली दोघांना सारखं वागवत नाही.

मात्र ईमेलमध्ये पोस्टमनचा खर्च उरला नाही. शंभर पत्रं पाठवा की लाख, पाठवणाऱ्याच्या खिशाला फारसा फरक पडत नाही. मी मघाशी म्हटलं की खर्च यादी स्वच्छ ठेवत होता. तो गेला आणि याद्या तुंबल्या. मग पुन्हा बाहेरून नियम आले. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या कायद्याने सांगितलं की कोणी 'नको' म्हटलं तर कामाच्या दहा दिवसांत पाठवणं थांबवा. युरोपात २५ मे २०१८ ला नवा कायदा लागू झाला. त्याच्या आधीच्या आठवड्यांत 'आम्ही तुम्हाला पत्र पाठवत राहू का?' अशा मेलांचा पूर आलेला तुमच्यापैकी परदेशात राहणाऱ्या भाचरांना आठवत असेल. आपल्याकडच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्यातही तत्त्व असं आहे की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना बजावलं. एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे आणि हजारात तीन जणांनीसुद्धा 'हा कचरा आहे' असं म्हणता कामा नये. १९०८ च्या टपाल खात्याची ही आजची गादी म्हणा ना!

म्हणजे यादी साफ करायलाच हवी, यात वाद नाही. मेलेले पत्ते ठेवले तर जिवंत माणसांची पत्रंही कचऱ्याच्या पेटीत पडतात. सोडून दिलेले काही पत्ते तर बेफिकीर पाठवणारे ओळखण्यासाठी सापळा म्हणून वापरले जातात. प्रश्न एवढाच की गप्प बसलेल्यांचं काय करायचं?

'मेल उघडली नाही' ही खूण तर आता फार कच्ची आहे. मेल उघडल्याचं कळतं ते तिच्यात लपवलेल्या एका बारीक चित्रामुळे. वाचकाच्या यंत्राने ते चित्र मागवलं की उघडल्याची नोंद होते. पण २०२१ च्या सप्टेंबरपासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की चित्रं आधीच मागवून ठेवली जातात, माणसाने पत्र बघितलं असो वा नसो. उलट, ज्याने चित्रं बंद ठेवली आहेत तो अक्षर न् अक्षर वाचूनही न वाचलेला ठरतो. म्हणजे हजेरी घेणारा वर्गाबाहेर उभा आहे, आणि दार लोटलेलं आहे!

म्हणून मी आमच्या यादीपुरती जुन्या शिक्षकाचीच रीत ठेवली आहे. पेटीच नाही असं उत्तर आलं, तर नाव पटावरून कमी. तात्पुरती अडचण असली, तर थांबायचं. 'नको' म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी कमी, कारण न विचारता. पण ते दुसऱ्या वहीत मात्र राहतं, म्हणजे उद्या कोणी जुनी यादी नव्या उत्साहाने चढवली तर त्या माणसाला पुन्हा त्रास होणार नाही. गप्प बसलेल्यांसाठी गृहभेट, म्हणजे एक छोटं पत्र. त्यात बातम्या नाहीत, देणगीची विनंती नाही. एवढंच, की बऱ्याच दिवसांत तुमची खबर नाही, पत्र हवं असेल तर या ओळीवर टिचकी मारा किंवा नुसतं 'हो' लिहून पाठवा, नको असेल तर तसंही कळवा, राग नाही. काही आठवड्यांनी आणखी एकदा. मुंबई-पुण्याच्या बॅचला वेगळं, आणि ज्यांच्या गावात मी स्वतः ओळखणारा कोणी आहे त्यांना फोनच. तरीही उत्तर नाही, तर नाव कमी. पट खरा हवा, तर तेही करायलाच हवं.

या गृहभेटीतून पुष्कळांनी 'नको' कळवलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. स्पष्ट नकार हाही आदरच असतो. काहींनी नवे पत्ते दिले. आणि एक उत्तर असं आलं की ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. लिहिणाऱ्या बाई आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्नी. "हे जाऊन दोन वर्षं झाली. मेल माझ्या फोनवर येतात. मी वाचते. त्यांच्या वर्गातल्या मुलांची नावं त्यात असतात. बंद करू नका." आकड्यांच्या हिशेबात हा पत्ता केव्हाच मेलेला होता. सहा महिन्यांच्या नियमात तो सगळ्यात आधी उडाला असता. मी नाव बदलून त्यांचं घातलं, आणि जुन्या नावापुढे दुसऱ्या वहीत तारीख लिहिली.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० ते १९२७ या काळात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड काढले, तेही वर्गणीदार मिळवत. त्या काळी गावोगाव जाऊन, माणसाला समोर बसवून, पटवून एकेक नाव वहीत चढे. नाव चढवायला इतका वेळ लागला की ते खोडण्यापूर्वी माणूस आपोआपच थबकतो. आज नाव एका टिचकीत चढतं, म्हणून एका टिचकीत उडवावंसं वाटतं.

तण काढायलाच हवं, त्याशिवाय पीक येत नाही. पण खुरपणी करणारी बाई कधी उभ्याने खुरपत नाही. ती खाली बसते, रोप आणि तण दोन्ही हातात धरून बघते आणि मग उपटते. यादीचंही तसंच आहे. तुमच्यापैकी कोणाकडे मंडळाची, ग्रंथालयाची, भिशीची किंवा देवळाच्या उत्सवाची अशी एखादी तुंबलेली यादी असेल, तर ती साफ जरूर करा. फक्त नाव कमी करण्यापूर्वी एकदा घरी जाऊन विचारा. आणि घरात जुन्या मासिकांच्या वर्गणीच्या पावत्या किंवा व्ही. पी.चे कागद सापडले तर टाकू नका, मला कळवा.